नागोजीची कॉटर पिन

हुबळीच्या गोकुळ रोडवर नागोजीला नागोजी कुणी म्हणत नाही, ‘इन्नोम्मे’ म्हणतात. कन्नडात इन्नोम्मे म्हणजे आणखी एकदा. नट आवळून झाला की हा माणूस पान्हा खाली ठेवतो, हात पुसतो, दोन पावलं जातो, थबकतो, ‘इन्नोम्मे’ असं स्वतःशीच पुटपुटतो आणि परत येऊन तोच नट आवळून बघतो. गिऱ्हाईक तिकडे ताटकळत असतं. नागोजीकडे गाडी टाकण्यापेक्षा मुलीचं लग्न काढावं, ते लवकर उरकतं, असं त्याच्या शेजारचा लेथवाला सतीश म्हणतो. तरीही हुबळी-धारवाडात जुन्या गाडीचं ब्रेकचं किंवा क्लचचं पेडल झिजलं, डुगडुगायला लागलं, की लोक शेवटी नागोजीकडेच येतात. भित्र्या माणसाने बसवलेलं पेडल दगा देत नाही, हे सगळ्यांना कळलेलं आहे. तो एवढा का भितो, हे मात्र कुणी विचारत नाही.

लोकांच्या शर्टाच्या खिशात बिड्या असतात, नागोजीच्या खिशात कॉटर पिना असतात. गाडीचे दोन भाग जोडायला बोटाएवढी लोखंडी पिन आरपार घालतात. ती हादऱ्याने बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या बारीक भोकात दोन पायांची एक तार ओवायची आणि तिचे पाय दोन्हीकडे फाकवून वाकवायचे. ती तार म्हणजे कॉटर पिन. पायाखाली आली तर कुणी वाकून उचलणार नाही, इतकी क्षुल्लक वस्तू. नागोजी झोपतानासुद्धा दोन-चार उशाशी ठेवतो, असं त्याची बायको कौसल्या सांगते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. नागोजी आमच्याकडे जेवायला बसला की वाढणाऱ्याला ‘राहू दे’ म्हणत नाही. माझी बायको श्रीलक्ष्मी आग्रह करण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पोळी पुढे आली की नागोजी ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, मान हलवतो, घामाघूम होतो, पण राहू दे म्हणत नाही. कन्नडात त्याच अर्थाचं ‘इरली’ आहे, तेही म्हणत नाही. मी समजत होतो माणूस बुजरा आहे. तीस वर्षं धारवाडच्या कोर्टात वकिली केली, साक्षीदाराच्या डोळ्यांवरून खरं-खोटं ओळखतो अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ती एका गाडीच्या निमित्ताने पार उतरली.

गाडी माझ्या वडिलांची. एकोणीसशे बासष्ट सालचा, पुढे लांब नाक असलेला ट्रक. वडिलांचं नाव बाळाचार्य. या नावाच्या माणसाने सोवळं नेसून घंटा हलवावी, तर हे अळणावरहून लाकडं आणण्याच्या धंद्यात पडले. हमाल त्यांना ‘आचारीमालक’ म्हणायचे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं की यांची खाणावळ आहे. नागोजी अळणावरजवळच्या खेड्यातला. त्याचा बाप आमच्याकडे लाकडं चढवायचा आणि नागोजी गाडीची दुरुस्ती बघायचा. ड्रायव्हर होता रवी, म्हणजे कौसल्येचा धाकटा भाऊ, नागोजीचा मेहुणा.

एक्याण्णवच्या एप्रिलमध्ये हीच गाडी लाकडं भरून अळणावरहून धारवाडला निघाली आणि जंगलातल्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाही. खाली ओढ्याच्या पुलावर बाया होत्या. रवीने गाडी पुलावर जाऊ न देता कडेच्या जांभळीवर घातली. बाया वाचल्या. रवीचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर होता, तो तिथेच अडकला आणि पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. रवी तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी’ असं लिहिलं गेलं. मी त्या वेळी बेळगावला कायदा शिकत होतो. वडिलांनी गाडी ओढून आणून रायापूरच्या आमच्या शेडमध्ये लावली, कुलूप घातलं, आणि पुढे जगले तोवर ते कुलूप काही उघडलं नाही.

उघडलं माझ्या मुलीने. वेदश्री सत्तावीस वर्षांची, एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि नाही हा शब्द तिला ऐकू येत नाही. हुबळीत जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, त्यात अज्जाची गाडी मी चालवत नेणार, असं तिने जाहीर करून टाकलं. सुट्ट्यांच्या दिवशी खपून तिने इंजिन चालू केलं. पेडलांचं काही तिला जमेना. क्लचचं डावी-उजवीकडे हलत होतं आणि ब्रेकचं पाय ठेवला की सरळ पायाखालच्या फळीला टेकत होतं. माझी झोप उडाली. या गाडीने एकाचा पाय घेतला आहे, हे मी तिला दहादा सांगितलं. ती म्हणाली, म्हणून तर नागोजीअण्णाकडे न्यायची.

गाडी ओढून गोकुळ रोडला नेली, तेव्हा मी बरोबर होतो. नागोजी गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता. नाक दिसलं आणि त्याच्या हातातला पेला खाली पडला. त्याने तो उचललाही नाही. बाजूच्या टपरीत रवी नंबरप्लेट रंगवत बसला होता. बत्तीस वर्षं तो तेच काम करतो, बसून करता येतं म्हणून. त्यानेही मान वर केली, गाडीकडे बघितलं आणि पुन्हा ब्रश चालवू लागला. नागोजीने पहिल्यांदा काय केलं असेल, तर आतून ताडपत्री आणली आणि गाडीचं तोंड झाकलं.

मग मला बाजूला घेऊन तो म्हणाला, क्लच करून देतो, ब्रेकाला मात्र माझा हात लागणार नाही, तो दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझं डोकं फिरलं. ज्याने सगळ्या जिल्ह्याची पेडलं दुरुस्त केली, तो ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घरच्या गाडीला नको म्हणतो. मी आवाज चढवला. नागोजी हात जोडून उभा राहिला. भिणाऱ्या माणसाने काहीतरी केलेलं असतं, हे माझं धंद्यातलं मत आहे. मला वाटलं, यानेच कधीतरी शेडमध्ये शिरून गाडीचे सुटे भाग विकलेले असणार. बोलून दाखवलं नाही, एवढीच माझी पुण्याई.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोजी धारवाडला माझ्या ऑफिसात आला. पक्षकार बसतात त्या बाकावर न बसता उभाच राहिला आणि दार लावून घेऊ का म्हणून विचारलं. मग म्हणाला, “अण्णा, बत्तीस वर्षांनी केस होते काय?”

मी म्हटलं, आधी बसा.

त्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी अळणावरच्या वखारीत गाडी भरणं चालू होतं आणि तो खाली उताणा पडून मागच्या स्प्रिंगचा पाटा आवळत होता. रवी पुढे पेडलाशी होता. ब्रेकच्या पेडलापासून निघणारी सळई जिथे जोडतात, तिथली कॉटर पिन गंजून बारीक झाली होती. रवीने ओरडून विचारलं, ही जुनी कॉटर पिन काढून नवी घालू काय? नागोजीच्या तोंडात नट धरलेला होता. तो तसाच म्हणाला, “राहू दे.” त्याच्या मनात होतं, राहू दे, तू नको, मी येऊन घालतो. पुढचे शब्द नटाआड राहिले. रवीने आपल्या परीने अर्थ घेतला की जुनीच राहू दे, चालेल.

आमच्या भाषेतला हा फार फसवा शब्द आहे. असू दे, नको, नंतर बघू, मी करतो, जाऊ दे, इतकं सगळं त्यात मावतं आणि ऐकणारा आपल्याला हवं ते उचलतो. कन्नडातलं ‘इरली’ही तसंच, त्यामुळे दोन भाषा येऊनसुद्धा आमची सुटका नाही. मी कोर्टात या शब्दावर दोन दावे हरलो आहे.

नागोजी मागच्या बाजूने निघून बाजारात नवी पिन आणायला गेला. परत आला तेव्हा गाडी गेलेली होती. इथवर सगळं सांगताना त्याचा आवाज सरळ होता. मग तो थांबला. वखारीत कारकुनाची मोटरसायकल उभी होती, ती घेऊन मागे जाता आलं असतं. भरलेली गाडी कितीशी पळणार, दोन मैलांत गाठली असती. पण एक वाजला होता, कौसल्येने भाकरी पाठवली होती, आणि एका खेपेने काय होतंय, असं त्याला वाटलं.

“मी जेवायला बसलो, अण्णा,” तो म्हणाला. “पिन खिशात होती आणि मी जेवायला बसलो.”

अर्ध्या तासाने निरोप आला. नागोजी धावत पोचला तेव्हा रवीला नेलं होतं. त्याने फळीखाली हात घातला. कॉटर पिन नव्हती, मोठी पिन सुटून मागे रस्त्यावर पडली होती, सळई नुसती लोंबत होती. पंचनाम्याला लोक यायच्या आत त्याने मोठी पिन उचलून खिशात घातली आणि सळई पेडलाला तारेने बांधून टाकली. वरून बघणाऱ्याला जोडलेली दिसावी, एवढ्यासाठी. आणि सगळ्यांना सांगितलं, ब्रेकचं तेल गळालं. ती तार अजून तिथेच होती. बत्तीस वर्षं ती तार तिथे आहे हे नागोजीला ठाऊक होतं, आणि जोवर शेडला कुलूप होतं तोवर तो कसाबसा जगत होता.

मी त्याला सांगितलं की एवढ्या जुन्या गोष्टीवर आता कसली केस उभी राहत नाही, कायद्याला भिऊ नका. तो म्हणाला, कायद्याला कोण भितंय. भीती रवीची. रवी रोज टपरी उघडायच्या आधी त्याच्याकडे चहाला येतो, नकली पाय काढून बाकावर ठेवतो आणि तासभर गप्पा मारतो. कौसल्या तर भावाच्या पायाला अजून स्वतःच्या हाताने तेल लावते. या दोघांना कळलं, तर कुठल्या तोंडाने घरात राहायचं? मला वेदश्रीच्या जिवाचीही भीती होती आणि या म्हाताऱ्याचीही दया आली. वकिलाने करावं तेच मी केलं. म्हटलं, रवी नसेल त्या दिवशी गाडी उघडा, तार काढा, फेकून द्या आणि तोंड बंद ठेवा.

दिवस ठरला अमावास्येचा. आमच्याकडे अमावास्येला गाडीवाले गाड्या धुतात, पूजा करतात, लिंबू-मिरची बांधतात; गॅरेजं बंद असतात. रवी आणि त्याची बायको सविता दर अमावास्येला सकाळच्या बसने गावच्या देवाला जातात. वेदश्रीला मी एवढंच सांगितलं की त्या दिवशी गर्दी नसते. तिला हे सगळं माहीत नव्हतं, आणि तिला न सांगण्यात शहाणपणा आहे असं मला वाटत होतं.

सकाळी दहाला आम्ही तिघं आत होतो. शटर अर्धं ओढलेलं. नागोजीने केबिनमधली फळी धरली, सोडली, पुन्हा धरली. शेवटी वेदश्रीनेच स्क्रू काढले. नागोजी म्हणाला, तुम्ही बाजूला व्हा, मी बघतो. तो म्हणेपर्यंत तिने मोबाईलचा उजेड आत धरला होता.

“अप्पा,” ती म्हणाली, “इथे पिन नाहीच. तार बांधलीय.”

नागोजीने पक्कड घेऊन हात आत घातला, पण पक्कड तारेवर न बसता नुसती पेडलाच्या लोखंडावर वाजत राहिली. वेदश्री एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. ती मूर्ख नाही. तिने विचारलं, ही तार कुणी बांधली? आणि तेवढ्यात बाहेर फरशीवर नकली पायाचा आवाज आला.

तो आवाज आम्ही तिघांनीही ओळखला. एक पाऊल, मग एक ठक. नागोजी केबिनमध्ये गुडघ्यांवर होता, तो तसाच गोठला. मला पळून जावंसं वाटलं, हे मी कबूल करतो. शटर वर गेलं आणि रवी वाकून आत आला. सविताला एकटीला बसमध्ये बसवून तो स्टँडवरूनच परत फिरला होता. दाजी ती गाडी आपण नसताना, अमावास्येलाच उघडणार, हे त्याने गाडीवर ताडपत्री आली त्याच दिवशी ओळखलं होतं.

रवी केबिनच्या पायरीवर बरा पाय ठेवून, दाराला धरून वर चढला आणि वेदश्रीच्या हातातला मोबाईल घेऊन आत बघू लागला. किती वेळ बघत होता कोण जाणे. मला सतीशच्या बंद लेथवर बसलेल्या कबुतरांचा घुमण्याचा आवाज येत होता.

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “दाजी, ही तार तुमी माझ्यासाठी बांधली?”

मला काही उमगेना. रवीच बोलत राहिला. त्या दिवशी दाजींनी राहू दे म्हटल्यावर त्याने जुनी कॉटर पिन पुन्हा चाचपली, तर ती त्याच्या बोटांतच तुटली. दाजी राहू दे म्हणाले ते जुनी चांगली आहे असं समजून म्हणाले, असं त्याला वाटलं. ती तुटल्याचं सांगितलं असतं, तर दाजींनी गाडी हलवू दिली नसती. आणि त्याला घाई होती. चार वाजता धारवाडला सविताच्या मामाकडे मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. म्हणून त्याने तुकडा फेकला आणि बिनपिनेची गाडी काढली. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगी पांढऱ्या पायाची, नवऱ्याने बघायच्या आधीच त्याचा पाय खाल्ला. पुढे वर्षभराने तीच पोरगी सगळ्यांशी भांडून त्याच्या घरात आली. तिच्या पायाला कुणी बोल लावू नये म्हणून रवी गप्प राहिला होता. गाडी उघडली की पिन नसल्याचं दिसेल, दाजी विचारतील, म्हणून तोही आठवडाभर झोपला नव्हता. आणि आता ही तार बघून त्याला वाटलं की दाजींना सगळं ठाऊक होतं, आणि मेहुण्याची चूक झाकायला त्यांनीच ती बांधली.

नागोजीने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बत्तीस वर्षांचं ओझं उतरून, वर उपकारकर्ता म्हणून तो घरी गेला असता. मी मागून त्याच्या खांद्याला हात लावून दाबला. हो म्हणा, असा त्याचा अर्थ होता, आणि तो नागोजीला बरोबर कळला. त्याने माझा हात बाजूला केला.

“तुझ्यासाठी न्हवं,” तो म्हणाला. “माझ्यासाठी बांधली. नवी पिन माझ्या खिशात होती, रवी. गाडी गेलेली बघितली आणि मी जेवायला बसलो.”

रवीने मोबाईल वेदश्रीला परत दिला. पायरीवरून उतरला, बाकावर बसला, पाय सोडून बाजूला ठेवला. नागोजी केबिनमधून खाली उतरला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. फाशीची शिक्षा ऐकणारी माणसं मी बघितलेली नाहीत, पण घरातलं माणूस आजारी असताना डॉक्टरच्या तोंडाकडे बघणारी बघितली आहेत, तसा होता. रवी आपल्या मांडीवरचा रंगाचा डाग नखाने खरवडत होता.

“काय जेवलासा?” त्याने विचारलं.

“आँ?”

“त्या दिवशी. काय होतं जेवायला?”

“भाकरी,” नागोजी म्हणाला. “अन् वांगं. दोन घासांच्या वर खाल्लं नाही. घास उतरंना.”

“म्हंजे मनात आलं होतं तुमच्या.”

“आलं होतं.”

“माझ्याबी आलं होतं,” रवी म्हणाला. “उतार सुरू व्हायच्या आधी एकदा आलं.”

रवी रागावला नव्हता असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तो चहा न घेता गेला आणि पुढचे पाच दिवस टपरी बंद होती. त्या पाच दिवसांत नागोजी काय भोगत होता, ते मी बघितलं. बाहेर पावलाचा आवाज झाला की तो हातातलं काम टाकून दाराकडे बघायचा. घरी कौसल्येला त्याने स्वतःच सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला, पण त्यात काय आहे ते सांगितलं नाही. नागोजीने तो न उघडताच परत नेला.

काम मात्र चालू होतं. भीती त्याच्या हाताला लागली की काम चांगलं होतं, हा त्याचा स्वभावच. पेडल ज्या दांड्यावर फिरतं, तिथली पितळी नळी, म्हणजे बुश, झिजून पातळ झाली होती. तिच्या मापाची नवी सतीशने लेथवर काढून दिली. पिनेचं भोक झिजून लांबट झालं होतं, ते वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडलं. नागोजीने ते तीनदा मापलं आणि तिन्ही वेळा सतीशला शिव्या घातल्या, माप बरोबर होतं तरी. स्प्रिंग नवी, पेडलाचं रबर नवं. ब्रेकचा सिलिंडरही खोलून नवीन वॉशर घातले. सहाव्या दिवशी नुसती पिन घालायची राहिली.

त्या सकाळी टपरी उघडली. रवी सविताला बरोबर घेऊन आला होता. त्याने तिलाही सांगितलं होतं, आणि ती काय म्हणाली ते मला तिच्याच तोंडून कळलं. पाय माझा पांढरा की काळा ते मी बघून घेतलं असतं, तुम्हाला बत्तीस वर्षं गप्प बसायला कुणी सांगितलं होतं, असं ती नवऱ्याला म्हणाली. नागोजीकडे तिने बघितलं नाही. पण ती थांबली.

रवीने नागोजीपुढे हात पसरला. नागोजीला कळेना. मग त्याने शर्टाच्या खिशातून एक कॉटर पिन काढून त्या हातावर ठेवली. नकली पाय बाकावर काढून ठेवून रवी गाडीखाली सरकला, तिथे आधी नागोजीने मोठी पिन घातलेली होती. रवीने कॉटर पिन ओवली, पाय फाकवले, पक्कडीने वाकवले.

“इन्नोम्मे,” नागोजी म्हणाला. रवीने पुन्हा दाबलं.

वेदश्रीने वर बसून पेडल एकवीस वेळा दाबलं. नागोजी एकेक आकडा मोठ्याने मोजत होता. दर वेळी पेडल खाली जाऊन कडक उभं राहिलं. 

खाली कागदावर ती गंजकी तार पडली होती. शेजारी एक झिजलेली पिनही होती. ती नागोजीने त्या दिवशी रस्त्यावरून उचललेली, आणि बत्तीस वर्षं जपून ठेवलेली. वेदश्रीने कागद उचलून विचारलं, “नागोजीअण्णा, ह्याचं काय करू? टाकून देऊ?”

नागोजी फडक्याने हात पुसत होता. त्याचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, “राहू दे.”

म्हणाला आणि त्याच्या लक्षात आलं. फडकं तसंच हातात राहिलं. गाडीखालून रवीने डोकं बाहेर काढलं. तेलाने बरबटलेल्या तोंडाने तो वर नागोजीकडे बघत राहिला, आणि बत्तीस वर्षांपूर्वी अळणावरच्या वखारीत विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं.

“राहू दे म्हंजे काय, दाजी? नीट सांगा.”

“म्हंजे टाकू नको,” नागोजी म्हणाला. “डब्यात घालून त्या फळीवर ठेव. मला रोज दिसंल तशी.”

“हां,” रवी म्हणाला. “आता कळलं.” आणि बाहेर यायला त्याने हात वर केला. नागोजीने तो धरला, ओढून त्याला उभं केलं, त्याचा पाय बाकावरून आणून दिला. मग तो स्वतः गाडीखाली गेला, आणखी एकदा बघायला.